चुलीच्या वायां जाणाऱ्या उष्णतेवर ऊन पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील भागांत हिंवाळ्याच्या पहाटे चांगलीच थंडी पडते. स्वयंपाकाची चूल एकीकडे व आंघोळीच्या पाण्याचा बंब दुसरीकडे, अशा दोन ठिकाणीं मग पऱ्हाटी, तुराटी व बाभळीचें लाकूड जळतें. युरोपांतील थंड देशांत लाकडाच्या शेगडीस पाण्याची पेटी जोडतात, व तींतील ऊन पाणी नळांनीं रेडिएटर नांवाच्या पोकळ लोखंडी पाट्यांत फिरवून खोल्या उबदार ठेवितात. आपल्याकडे खोल्या तापविण्याचें कारण नाहीं. परंतु तीच युक्ति न्हाणीघरास उपयोगी पडण्यासारखी असल्यानें तिची माहिती येथें देत आहों.

प्रथम हिशेब पाहूं. २० लिटर पाणी ३० अंश सेंटिग्रेडनें अधिक तापविण्यास ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडांत सुमारें ३,५०० किलोकॅलरी असतात. म्हणजे १७० ग्रॅम लाकूड पुरावें. परंतु उघड्या चुलींत दहांतील एकच भाग भांड्यास पोंचतो असें धरल्यास १,७०० ग्रॅम जाळावें लागतें. बाकीची उष्णता धुराबरोबर जाते.

हा धूर मार्गास लावण्याचे प्रयत्न आपल्या प्रांतांतही झाले आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. तेथील मगनचुलींत एकाच जाळावर एकाहून अधिक भांडीं ठेवितात व धूर धुराड्यानें बाहेर जातो. अशा चुलीचें शेवटचें भांडें व धुराडें यांच्यामध्यें तांब्याची पेटी बसवावी. जाळाच्या तोंडाशीं ती बसविल्यास स्वयंपाकाचीच उष्णता ती ओढून घेईल.

पेटीहून उंच जागीं, भिंतीपलीकडे न्हाणीघरांत, पाण्याची टाकी ठेवावी. पेटीच्या माथ्यापासून निघालेली नळी टाकीच्या मधोमध, व टाकीच्या तळाची नळी पेटीच्या तळाशीं जोडावी. ऊन पाणी हलकें असल्यानें वर चढतें व थंड पाणी खालीं येतें. पंपाची जरूर नाहीं. मात्र हा जोर फार थोडा असतो. ८० अंशांचें व ५० अंशांचें पाणी यांच्या वजनांतील फरक एक मीटर उंचीस जेमतेम १६ मिलीमीटर पाण्याच्या दाबाएवढा भरतो. म्हणून नळ्या किमान एक इंची घ्याव्या, वळणें थोडीं ठेवावीं, व नळी टाकीकडे सतत चढती असावी. मध्यें खोलगट किंवा उंचवटा राहिला कीं हवा अडकते व पाणी फिरत नाहीं. प्लॅस्टिकची नळी चुलीजवळ वापरूं नये.

तोटी टाकीच्या मधल्या नळीहून किंचित् वर बसवावी. असें केल्यानें कितीही पाणी काढलें तरी पेटी व दोन्ही नळ्या भरलेल्या राहतात. कोरड्या पेटीखालीं जाळ झाल्यास तिचे सांधे सुटतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेटी व टाकी यांच्यामधील नळ्यांस कोठेंही चावी बसवूं नये, आणि टाकीचें झांकण घट्ट आंवळूं नये. एक लिटर पाण्याची वाफ सुमारें १,७०० लिटर जागा व्यापते. तिला बाहेर पडण्यास वाट नसेल तर पेटी फुटून चुलीपाशीं बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. पाणी सांडूं नये म्हणून तोंड बंद करण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा.

घाटाखालीं पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांतील बंधूंनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. रेडिएटरांत तेंच पाणी फिरत असतें. आपल्या टाकींत रोज नवें पाणी पडतें, म्हणून क्षारांचा थर लौकर बसतो व नळीचें तोंड अरुंद होतें. नळ्या उघडून साफ करतां येतील असेच सांधे ठेवावे व वर्षांतून एकदां, हिंवाळ्यापूर्वीं, त्या पाहाव्या. धुराडेंही त्याच वेळीं झाडावें. ओलें लाकूड जाळल्यास पेटीवर काजळी धरते व पाणी तापेनासें होतें. यास्तव सरपण पावसाळ्यापूर्वींच छपराखालीं रचून ठेवणें, हें या सर्व खटाटोपांतील पहिलें काम समजावें.