ठेका आणि अढी

28 जानेवारी 2007 रोजी ओ. पी. नय्यर ठाण्यात गेला. एक्क्याऐंशी पूर्ण होऊन बाराच दिवस झाले होते. ज्या घरात तो गेला ते त्याचं नव्हतं. चर्चगेटचं घर आणि बायकामुलं मागे सोडून तो ठाण्यातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबात राहत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला होमिओपॅथीच्या गोळ्या देत होता. आपल्या अंत्यसंस्काराला घरच्यांनी येऊ नये, असं त्याने सांगून ठेवलं होतं. एके काळी चित्रपटामागे लाख रुपये घेणाऱ्या संगीतकाराची ही अखेर.

गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, कल्याणचं अत्रे रंगमंदिर. जुन्या हिंदी गाण्यांची रजनी यांपैकी कुठेही असो, ओपी आला की निवेदक एक वाक्य टाकतोच: ‘लताचा आवाज न वापरता याने राज्य केलं!’ टाळ्या पडतात. पुढे ‘बाणेदार’ हे विशेषण ठरलेलं. त्या टाळ्यांबद्दलच थोडी तक्रार आहे. ओपीच्या बाण्यात आवड किती आणि अढी किती, हे कुणी वेगळं करून बघत नाही.

लताचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. ठिणगी पडली ती 1952च्या ‘आसमान’च्या वेळी, कोण कोणाला काय म्हणालं याच्या तऱ्हा अनेक. पण ओपीने पुढे वारंवार दिलेलं कारण सांगीतिक होतं: आवाज थोर, पण माझ्या चालींना तो नको. ते पटतं. त्याच्या गाण्यांना थोडा खट्याळ, थोडा मांसल आवाज लागायचा. एखादा आवाज नको म्हणणं हा संगीतकाराचा हक्कच आहे. शिवाय त्या काळात लताशिवाय चालवून दाखवणं म्हणजे पोटावर पाय येण्याचा धोका पत्करणं होतं. इथे टाळी द्यावीच.

आणि गुणवत्तेबद्दल तर वादच नको. लाहोरचा हा मुलगा शास्त्रीय गाणं रीतसर शिकलेला नव्हता. तरी ‘फागुन’ची (1958) बहुतेक गाणी त्याने एकट्या पिलूच्या अंगाने बांधली आणि एकही दुसऱ्यासारखं वाटत नाही. ‘कल्पना’त रफी आणि मन्ना डे यांच्याकडून ललत गाऊन घेतला. ‘रागिनी’त पडद्यावर किशोरकुमार, स्वतः कसलेला गायक, आणि गळा मात्र रफीचा! अमीर खाँसाहेबही त्याच चित्रपटात गायले. ओपी म्हटलं की टांग्याचा ठेका आठवतो, आणि ‘नया दौर’ तर टांगेवाल्याचीच गोष्ट. त्याचं फिल्मफेअरही त्याला मिळालं. पण त्याची खरी गंमत ठेक्याच्या वर चालते. ढोलक उड्या मारत असते आणि मधल्या जागेत सारंगी हळूच काहीतरी दुखरं सांगून जाते. वाद्यमेळ रचणारा गोव्याचा सेबॅस्टियन डिसोझा आणि सहायक जी. एस. कोहली यांचा त्यातला वाटा निवेदक सहसा सांगत नाहीत.

अढीचा फटका त्यालाही बसला. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे धृपद शिकलेले मराठी गृहस्थ. चित्रपटगीतं त्यांना उथळ वाटत, आणि 1952 पासून ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. ओपीच्या पाश्चात्त्य ढंगावर तर विशेष खप्पामर्जी. लोकांनी रेडिओ सिलोन लावला. केसकरांना हसणारे आपण ओपीच्या तशाच हट्टाला स्वाभिमान म्हणतो.

रफीचं उदाहरण घ्या. रेकॉर्डिंगला तो उशिरा आला आणि शंकर-जयकिशनकडे अडकलो होतो, असं खरं कारण सांगून बसला. एवढ्यावरून ओपीने त्याला काही वर्षं दूर ठेवलं आणि महेंद्र कपूरला पुढे आणलं. घड्याळाची शिस्त समजू शकते. पण इथे खरं दुखणं घड्याळाचं नव्हतं, दुसऱ्या संगीतकाराच्या नावाचं होतं. अखेर रफीच समेटाला आला.

गीता दत्तच्या बाबतीत मात्र मन घट्ट करून लिहावं लागतं. गुरुदत्तकडे ओपीचं नाव तिने नेलं. ‘आरपार’ (1954) आणि ‘मिस्टर अँड मिसेस 55’ या चित्रपटांनी त्याला ओपी नय्यर केलं, त्यात तिचा गळा होता. मग आशा आली आणि गीता मागे पडत गेली. 1972 मध्ये ती गेली. आपण तिला विसरलो, याची कबुली ओपीने म्हातारपणी दिली. शमशाद बेगमचंही तेच. ‘सीआयडी’ गाजवणारा तो खणखणीत आवाज 1968च्या ‘किस्मत’मध्ये वाट्याला आला तो स्त्रीवेषातल्या विश्वजीतच्या. गाणं अफाट चाललं, ही गोष्ट वेगळी.

आशाला त्याने जे दिलं ते आधी कुणी दिलं नव्हतं. नायिकेची गाणी तिच्याकडे आली ती ‘नया दौर’पासून. 1972च्या सुमारास तेही तुटलं. शेवटच्या गाण्याने तिला फिल्मफेअर मिळालं, पण ‘प्राण जाये पर वचन न जाये’च्या पडद्यावर ते दिसलंच नाही. पुढे 1978च्या ‘खून का बदला खून’साठी त्याने वाणी जयराम, उत्तरा केळकर, पुष्पा पागधरे यांना घेतलं. आवाज चांगले होते. ओपीचा काळ सरला होता, आणि दार ठोठावावं असं माणूस त्याने फारसं शिल्लक ठेवलं नव्हतं.

लता नाकारणं ही आवड. गीताला विसरणं, रफीला ताटकळत ठेवणं ही अढी. पहिलीतून त्याचं संगीत घडलं. दुसरीतून एकही सूर निघालेला नाही.

2026 हे ओपीच्या जन्मशताब्दीचं वर्ष. ठाण्या-डोंबिवलीच्या आयोजकांना एकच विनंती: नय्यर रजनी जरूर करा, पण गीता आणि शमशादची गाणी मध्यंतरानंतरच्या मेडलेत उरकू नका. सुरुवातच त्यांच्यापासून करा.