पिल्लू ऊबदार का लागते?

कोंबडीचे एक दिवसाचे पिल्लू तुम्ही कधी ओंजळीत घेतले आहे काय? घेतले असेल, तर सर्वांत आधी जाणवली असेल ती त्याची ऊब. आपण त्याला ऊब देत आहोत असे आपल्याला वाटते. पण जरा विचार करा. पिल्लाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते, तर आपल्या तळहाताच्या त्वचेचे साधारण ३२ ते ३४ अंश. पोटाखाली, जेथे लव विरळ असते, तेथे पिल्लू तळहाताला टेकते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. म्हणजे त्या क्षणी ऊब देणारे पिल्लू आणि घेणारे आपण!

जीवशास्त्राच्या तासाला पिल्ले वर्गात आणण्याची कल्पना अनेक शाळांत निघते. कल्पना चांगलीच आहे. २१ दिवस अंड्यात वाढलेला जीव प्रत्यक्ष पाहण्यात जो आनंद आहे, तो आकृतीत नाही. परंतु पाहुण्याला बोलावण्यापूर्वी त्याला काय सोसते हे ठाऊक हवे. त्यासाठी थोडे गणित करू.

एक दिवसाच्या पिल्लाचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते. त्याच्यापुढे अडीच किलोचा कोंबडा उभा करा. कोंबड्याचे वजन पिल्लाच्या सुमारे ६४ पट झाले. दोघांचा आकार ढोबळमानाने सारखा मानला, तर लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ४ पट, कारण ४ × ४ × ४ = ६४. पण अंगाचा पृष्ठभाग मात्र ४ × ४ म्हणजे १६ पटच. उष्णता तयार होते ती शरीराच्या आत आणि बाहेर निसटते ती पृष्ठभागावरून. तेव्हा दर ग्रॅम वजनामागे पिल्लाचा पृष्ठभाग कोंबड्याच्या चौपट! मोठ्या पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीतला लगेच निवतो, तसाच हा प्रकार.

शिवाय कोंबड्याच्या अंगावर पिसे असतात, पिल्लाच्या अंगावर नुसती लव. लवेत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने थोडा आधार मिळतो. पण शरीराचे तापमान स्वतः राखण्याची शक्ती पिल्लाला हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत येते. तोवर खुडूक कोंबडी त्याला पोटाखाली घेते. कोंबडी नसेल, तर पहिल्या आठवड्यात पिल्लाजवळचे तापमान सुमारे ३५ अंश ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करतात. आपल्याला सुखद वाटणारा २५ अंशांचा वर्ग पिल्लाला मात्र गारठवणारा असतो. त्यात छताचा पंखा चालू असेल, तर अंगाजवळची ऊबदार हवा सतत उडून जाते. म्हणून पंखा बंद हवा.

पिल्लू भिजले तर संकट आणखी वाढते. सामान्य तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पिल्लाचे शरीर १ अंशाने निवण्यास अवघ्या ३२ कॅलरी जाव्या लागतात. समजा, सगळी उष्णता पिल्लाकडूनच घेतली गेली, तर त्याचे तापमान १८ अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून मिळते आणि पिल्लूही ती तयार करीत असते, म्हणून इतकी घट होत नाही. पण धोका कोठे आहे ते यावरून कळते. पिल्लांना कधीही आंघोळ घालू नये आणि पाणी उथळ भांड्यातच ठेवावे.

हे पडताळण्यासाठी पिल्लांना त्रास देण्याची गरज नाही. सारख्या तीन लहान बाटल्या घ्या. एक उघडी ठेवा. दुसरीभोवती कोरड्या कापसाचा थर गुंडाळा. तिसरीभोवती कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाचा पातळ थर गुंडाळा. तिन्हींत ५० अंशांचे पाणी भरा आणि अर्धा तास दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. कोणती बाटली आधी निवते, ते तुम्हीच पाहा.

आता उबेची सोय. पूर्वी खोक्यावर ६० वॅटचा तारेचा दिवा टांगला की काम भागे, कारण त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. आज घरोघरी एलईडी दिवे आहेत. ९ वॅटचा एलईडी जवळजवळ तेवढाच उजेड देतो, पण उष्णता फारच थोडी. खोके उजळलेले दिसते आणि पिल्ले आत कुडकुडत असतात. प्रकाश म्हणजे ऊब नव्हे! तारेचा दिवा घट्ट बांधावा आणि तो कागद, कापड व भुसा यांपासून दूर राहील असे पाहावे. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी.

तापमान बरोबर आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून मोठ्याने चिवचिवू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर जाऊन पंख पसरून चोच उघडी टाकली, तर उकडते आहे. सगळीकडे पसरून शांतपणे टिपत असली, तर ठीक. खोक्याच्या तळाशी गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात. भाताचे तूस पसरावे. अंड्यातून निघण्यापूर्वी पिल्लाने बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते दोन दिवस तग धरू शकते, पण म्हणून त्याला उपाशी ठेवू नये.

आपलीही काळजी हवी. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. पिल्लू तोंडाजवळ नेऊ नये, डबा त्याच वर्गात खाऊ नये आणि हात साबणाने धुवावेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता. परिसरात अशा रोगाची वार्ता असेल, तर पिल्ले आणूच नयेत.

शेवटी एक प्रश्न गणिताचा नव्हे. तास संपल्यावर पिल्ले कोठे जाणार? बाजारात रंगवलेली पिल्ले खेळण्यासारखी विकली जातात आणि त्यांतली कितीतरी थोड्याच दिवसांत मरतात. शाळेतली पिल्ले त्यांच्या वाटेने जाऊ नयेत. ती कोणाच्या खुराड्यात परतणार हे ठरल्याशिवाय खोके वर्गात येऊ नये. ते ठरत नसेल, तर शिक्षकांनी वर्गालाच जवळच्या एखाद्या घरी खुडूक कोंबडी पाहायला न्यावे. तिच्या पंखांखालून डोकावणारी पिल्ले पाहताना दिवा, तूस आणि तापमापक यांपैकी कशाचीच गरज पडणार नाही.