गोळ्या सुरू झाल्या आणि धाप वाढली

पाथर्डी-शेवगावकडचा एखादा ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे आणा. महिनाभराचा खोकला, संध्याकाळचा ताप, अंगावरचे कपडे ढिले झालेले. नगरच्या सिव्हिलमध्ये तपासणी होते (जिल्हा अहिल्यानगर झाला, तरी तोंडात 'नगरची सिव्हिल'च). टीबी निघतो, पाठोपाठ एचआयव्ही. प्रतिकारशक्तीच्या सीडीफोर पेशी जेमतेम ४०. टीबीच्या गोळ्यांनी ताप उतरतो, भूक लागते. दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू होते. आणि त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात ताप परत, छातीत कळ, संडासपर्यंत गेलं तरी धाप. एक्स-रेवरचा डाग आधीपेक्षा मोठा. घरातली वडीलधारी निकाल देऊन टाकतात, "गोळ्या गरम पडल्या. बंद कर."

हा निकाल जिवावर बेतू शकतो. बहुतेक वेळा इथे घडतं ते उलटंच. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पार झोपवलेली असते, तेव्हा टीबीचे जंतू फुप्फुसात असूनही शरीर त्यांच्याशी धड भांडत नाही. एआरटीने विषाणू दबला की पेशी जागतात आणि समोर दिसणाऱ्या जंतूंवर, अगदी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही, तुटून पडतात. त्या झटापटीची सूज म्हणजे ही धाप. डॉक्टर तिला 'आयरिस' म्हणतात. सीडीफोर जितक्या कमी असताना एआरटी सुरू होते, तितका हा धोका जास्त. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांतच हे घडतं.

एक्स-रेबद्दलचा समज तर मुळातूनच तपासायला हवा. डाग म्हणजे जंतू, मोठा डाग म्हणजे जास्त जंतू, असं आपण धरून चालतो. पण एक्स-रेवर उमटते ती बरीचशी शरीराची स्वतःची प्रतिक्रिया. म्हणून तर प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्या माणसाला टीबी असूनही त्याचा एक्स-रे कधी कधी जवळपास स्वच्छ दिसतो. त्या स्वच्छ फिल्मवर विसंबून कितीतरी रुग्ण फसतात. एआरटीनंतर डाग वाढतो, छातीतल्या गाठी सुजतात, फुप्फुसाभोवती पाणी होतं. आणि त्याच वेळी थुंकीतले जंतू घटत असू शकतात, सीडीफोर वर चढत असू शकतात. एकटी फिल्म बघून रडू नये, तशी एकटी फिल्म बघून निर्धास्तही होऊ नये.

"मग एआरटी टीबी पूर्ण बरा झाल्यावरच द्यावी ना?" हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात. याचं उत्तर कंबोडियातल्या 'कॅमेलिया' अभ्यासाने २०११ मध्ये दिलं. टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या ६६१ रुग्णांपैकी निम्म्यांना टीबीचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी दिली, उरलेल्यांना आठ आठवड्यांनी. लवकर दिलेल्या गटात आयरिसचं प्रमाण अडीच पट होतं. तरीही त्या गटातले १८ टक्के रुग्ण दगावले, उशिराच्या गटातले २७ टक्के. धाप जास्त जणांना लागली, जीव जास्त जणांचे वाचले. अपवाद मेंदूच्या टीबीचा. कवटीच्या आत सूज वाढायला जागाच नसते, म्हणून तिथे एआरटी मुद्दाम काही आठवडे पुढे ढकलतात.

मात्र प्रत्येक धाप आयरिसचीच असते, असं समजणं तितकंच घातक. आयरिस आहे असं सांगणारी एकच एक चाचणी नाही. औषधाला दाद न देणारा टीबी, न्यूमोनिया, चुकलेले डोस हे सगळं आधी तपासून बाजूला काढावं लागतं. म्हणून सूज उतरवायला ओळखीच्या मेडिकलमधून स्टिरॉइडच्या गोळ्या आणून खाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. स्टिरॉइड इथे खरंच उपयोगी पडतात, पण आत दुसरा संसर्ग दडला असेल तर तीच गोळी त्याला रान मोकळं करून देते. सौम्य आयरिस पुष्कळदा स्टिरॉइडविनाच ओसरते.

आणखी एक छोटी गोष्ट. टीबी असलेल्यांना एआरटीतल्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यायला सांगतात. रोग वाढला म्हणून डोस वाढवला, असं समजून काही जण ती टाळतात. खरं कारण साधं आहे: टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. ती तूट भरायला ही गोळी.

एआरटी सुरू केल्यावर ताप किंवा धाप आली तर गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. एआरटी केंद्र गाठा. जाताना एआरटीचं पुस्तक, टीबीची कागदपत्रं आणि जुना एक्स-रे बरोबर घ्या, कारण डाग वाढला की नाही हे जुनी फिल्म शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. कोयता घेऊन कारखान्यावर निघण्यापूर्वी केंद्रात सांगून जा, म्हणजे तिथल्या जवळच्या केंद्रात गोळ्यांची सोय करता येते. बोलताना वाक्य पुरं होईना इतका दम लागला, तर सकाळची वाट न बघता १०८ लावा. बाकी शंकांसाठी एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन आहे, १०९७.