जास्वंदीचं बी पाहिलंय?

दोस्तांनो, एक कोडं घालू? दारातल्या लाल जास्वंदीला रोज फुलं येतात. आज उमललेलं फूल उद्या मिटून गळतं. पण या झाडाचं फळ कधी पाहिलंय? बी? आजीला विचारा. बहुतेक तीही विचारात पडेल!

गंमत म्हणजे भेंडी, अंबाडी, कापूस हे सगळे जास्वंदीच्याच कुळातले. भेंडी चिरली की आत बियाच बिया! जास्वंदीच्या फुलात तरी काय कमी आहे? मधल्या लांब दांडीवर पिवळे परागकण, टोकाला पाच मखमली ठिपके. त्या ठिपक्यांवर पराग पडले की बी धरायला हवं. पण आपली लाल जास्वंद सहसा बी धरतच नाही.

मग ती गावोगावी पोहोचली कशी? माणसांच्या हातून! कुणी शेजारणीकडून फांदी मागून आणली, परसात खोचली. तिचीच फांदी पुढे लेकीच्या सासरी गेली. फांदीतून वाढलेलं झाड म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. म्हणजे आजीच्या अंगणातलं आणि तुमच्या कुंडीतलं झाड एकच म्हणा ना!

लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हिला 'चिनी गुलाब' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. पण रानात आपसूक वाढणारी ही जास्वंद चीनमध्येच काय, कुठेच सापडलेली नाही. आपल्याकडे ती गणपतीला वाहतात, तर मलेशियाने १९६० मध्ये तिला राष्ट्रीय फूल केलं. थाट मोठा, पण सगळी भिस्त माणसावर! जुना वाडा पाडताना एखादी निराळ्या रंगाची जास्वंद तोडली गेली आणि तिची फांदी कुणीच लावलेली नसली, तर तो रंग संपलाच. बी पडून पुन्हा उगवेल, ही आशा नको.

तेव्हा या पावसाळ्यात एक फांदी लावाच. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी मोठ्यांकडून तिरकी कापून घ्या. शेंड्याची दोन पानं ठेवून बाकीची काढा. खालचे दोन-तीन डोळे मातीत जातील अशी खोचा आणि कुंडी सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. पुढे पानांखाली कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्याने पुसून काढा.

आणि हो, मुळं फुटली का ते बघायला फांदी रोज उपटायची नाही, बरं का!