विश्लेषण : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट, मग खर्च कशाचा?

परवाना शुल्क वाचते म्हणून अनेक कंपन्या मुक्तस्रोत अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअरकडे वळतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. निर्णय घेण्यापूर्वी व्यवस्थापकांनी काय तपासावे?

म्युनिकचा अनुभव काय?

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००४ मध्ये विंडोज सोडून लिनक्सचा मार्ग धरला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. पण बाहेरून आलेल्या फायली नीट न उघडणे, काही कामांसाठी विंडोजच लागणे, अशा तक्रारी सुरूच राहिल्या. अखेर २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरले. त्यामागे राजकारण असल्याची टीकाही झाली. मात्र कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, जुन्या फायली आणि इतर प्रणालींशी जुळवणी यांचा खर्च आधीच मांडायला हवा, हा धडा उरतोच.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा घटकात गंभीर त्रुटी उघड झाली. जगभर वापरला जाणारा हा घटक मोजके स्वयंसेवक सांभाळत होते. तो आपल्या कोणत्या प्रणालीत आहे, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते. त्यामुळे वापरातील घटकांची यादी ठेवणे आणि दुरुस्तीसाठी माणूस नेमणे किंवा सेवा करार करणे गरजेचे ठरते.

परवान्यात काय पाहावे?

जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर बदलून संस्थेतच वापरले तर स्रोत खुला करावा लागत नाही. ग्राहकाला दिले तर त्याला स्रोतही द्यावा लागतो. एमआयटी परवान्यात ही अट नाही.

परवाना बदलला तर?

‘रेडिस’ या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये आपला खुला परवाना बदलला. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘वाल्की’ हा पर्याय उभा राहिला. जुना स्रोत खुला असल्यानेच हे शक्य झाले. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला अशी वाट नसते.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी एका विभागात प्रयोग करावा. प्रकल्पात नियमित सुधारणा होतात का, तो एकाच कंपनीच्या हाती आहे का, हे पाहावे. वाचलेल्या शुल्कातील काही रक्कम देखभालीसाठी राखून ठेवावी. मध्यरात्री प्रणाली बंद पडली तर फोन कोणाला करायचा, याचे उत्तर तयार नसेल तर निर्णयाची घाई करू नये.