घरातील वीज : सक्ती की सवलत?

नवे घर बांधताना नियम लावणे त्यामानाने सोपे असते. नकाशा मंजूर करतानाच अट घालता येते. पण जी घरे आधीच उभी आहेत, जेथे जुना पंखा वर्षानुवर्षे घरघरत आहे, तेथील वीज कशी वाचवावयाची? सरकारने हुकूम काढावा, की सवलत देऊन मन वळवावे? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

आपल्याच देशातील दोन उदाहरणे घ्या. पहिले दिव्याचे. ६० वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज पाच तास दिवा लागला, तर महिन्याला सुमारे साडेसात युनिट वीज वाचते. अडचण होती ती किमतीची. २०१५ साली केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. २०१४ च्या आरंभी खरेदीलाच सुमारे ३१० रुपये पडणारा दिवा, घाऊक खरेदीमुळे २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत आला. काही ठिकाणी तर वीजबिलातून हप्त्याने पैसे फेडण्याची सोय होती. ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यासाठी कोणाला दंड करावा लागला नाही.

दुसरे उदाहरण पंख्याचे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर स्टार लेबल सक्तीचे झाले. परंतु हा कायदा दुकानाच्या उंबरठ्यावर थांबतो. घरातला जुना पंखा फिरतच राहतो. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा पंखा रोज बारा तास चालवला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतील. पण नव्या पंख्याचे पैसे आज मोजायचे आणि बचत मात्र महिन्या-महिन्याने पदरात पडायची! हातावर पोट असलेल्याने काय करावे? त्याच्यावर सक्ती केली तर तो दंडच ठरेल.

मग सवलतच बरी म्हणावी काय? तसेही नाही. भाड्याच्या घराचे पाहा. सुधारणेचा खर्च मालकाचा, आणि बिल वाचणार भाडेकरूचे. मालकाने पदरमोड का करावी? म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१८ पासून नव्या, आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही नियम लागू झाला : ऊर्जेच्या सात पायऱ्यांच्या प्रतवारीत तळच्या दोन पायऱ्यांवरील घर, काही अपवाद सोडल्यास, भाड्याने देता येत नाही. मात्र मालकाच्या खर्चाला ३,५०० पौंडांची मर्यादाही घातली गेली.

तात्पर्य, वाचकहो, सक्ती की सवलत यापेक्षा ‘कोणावर सक्ती आणि कोणाला सवलत’ हा खरा प्रश्न आहे. जो वस्तू बनवतो, विकतो किंवा घर भाड्याने देतो, त्याला नियम असावा. जो त्या घरात राहून बिल भरतो, त्याला हप्त्याचा आधार असावा.

शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घ्यावे. वॅटला तासांनी गुणा, हजाराने भागा, की युनिट मिळाले. आपल्या घरातील पंख्याचा हिशेब मुलांनाच मांडू द्या.