जलोदर : काढलेले पाणी आणि परत दिलेली प्रथिने

‘पोटातील पाणी काढले की शक्ती जाते,’ अशी शंका नातेवाईक आमच्याकडे अनेकदा व्यक्त करतात. ती निराधार नाही.

जलोदर म्हणजे उदरपोकळीत पाणी साठणे. यकृताचा सिऱ्होसिस आणि कर्करोग ही त्याची प्रमुख कारणे होत. पथ्य व औषधांनी पाणी न हटल्यास ते सुईवाटे काढावे लागते. धाप कमी होते, अन्न जाऊ लागते. परंतु पाण्याबरोबर अल्ब्युमिनसारखी मोलाची प्रथिनेही निघून जातात. म्हणून सिऱ्होसिसच्या रुग्णाचे ५ लिटरहून अधिक पाणी काढल्यास दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेवाटे देतात. मानवी रक्तद्रवापासून तयार होणारे हे औषध महाग असते.

जपानमध्ये निराळी पद्धतही प्रचलित असून १९८१ पासून तिचा तेथील आरोग्य विम्यात समावेश आहे. काढलेले पाणी निर्जंतुक पिशवीत घेऊन दोन गाळण्यांतून नेतात. पहिली गाळणी कर्करोगाच्या व इतर पेशी आणि जीवाणू अडविते; दुसरी जादा पाणी व क्षार बाहेर टाकते. उरलेला प्रथिनयुक्त दाट द्रव रुग्णाच्याच शिरेत सोडतात. त्यामुळे कधी थंडी-ताप येतो. पाण्यात जंतुसंसर्ग असल्यास हा उपचार टाळतात. मूळ रोग याने बरा होत नाही, मात्र रुग्णाची प्रथिने रुग्णालाच परत मिळतात.

सारांश, पाणी तसेच राहू देणे हा उपाय नव्हे. गेलेली प्रथिने भरून काढणे महत्त्वाचे. जलोदराच्या रुग्णास ताप, पोटदुखी किंवा भ्रम जाणवल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात आणावे, ही आमची विनंती.